धुताना आवाज बंद

“...मग सही करायला अडचण तरी काय आहे, बाई?”

त्र्यंबक ओगलेनं हे विचारलं तेव्हा वैशाखातली दुपार होती. प्रयोगशाळेत आम्ही तिघंच होतो. बाई, त्र्यंबक आणि मी.

बाई म्हणजे डॉक्टर अनसूया तळपदे. डॉक्टर, पण माणसांच्या नव्हेत. बेडकाच्या जिभेवर चव पडली की आतली नस काय बोलते, ते ऐकण्यात त्यांचा उभा जन्म गेला होता. कृष्णाकाठच्या आमच्या त्या कॉलेजात बाकी सगळ्या मॅडम होत्या. ह्या एकट्या बाई.

त्र्यंबक त्यांचा शिष्य. हुशार, आणि आपण हुशार आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. मी शेजारच्या टेबलावर पालीच्या तुटलेल्या शेपट्यांचं काम करत असे. त्याचं पुढं काही झालं नाही. ते जाऊ द्या.

बाई पेढा खात होत्या.

प्रबंध पुरा झाला म्हणून त्र्यंबकनं कंदी पेढ्यांचा पुडा आणला होता. बाईंनी एक पेढा सावकाश, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. मग वरचा कागद घडी घालून बाजूला ठेवला.

“शेवटचं वाक्य वाच,” त्या म्हणाल्या. आजारपणापासून त्यांचा आवाज बसका झाला होता.

त्र्यंबकला वाचायची गरज नव्हती. त्याला ते पाठ होतं.

“‘उन्हाळ्यात चिखलात झोपलेल्या बेडकाच्या जिभेची नस कोणत्याही चवीला उत्तर देत नाही. ती मुकी असते.’”

“कोणत्याही?”

“कोणत्याही.”

“बरं...”

आणि बाई गप्प झाल्या.

त्यांच्या गप्प बसण्याची आम्हाला सवय होती. त्र्यंबकला त्या दिवशी मात्र ते सोसवेना. जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेनं त्याला बोलावलं होतं. सही झालेला प्रबंध उद्याच्या टपालात पडला तरच ती जागा त्याची, नाहीतर दुसऱ्या कुणाची. त्याच्या आईनं तर गल्लीत आधीच सांगून ठेवलं होतं, पोरगा चालला म्हणून.

बाहेर ऊन रणरणत होतं. आत खिडक्यांना काळे पडदे. यंत्राच्या काचेवरची हिरवी रेघ दिसावी म्हणून आम्ही दिवसाढवळ्या अंधार करून बसायचो. त्या अंधारात टेबलाखाली मडकी मांडलेली असत. मडक्यांत तळ्यातला सुकलेला चिखल, आणि चिखलात झोपलेले बेडूक. हलत नसत, दिसतही नसत. पण ते तिथं आहेत हे आपल्याला माहीत असतं ना, त्यानं माणसाचंही अंग जड होतं. पुष्कळदा दुपारी मला वाटायचं, आपणही कुठल्यातरी मडक्यात आहोत, वरून कुणीतरी पाणी ओतेल तेव्हा जाग येईल.

आता ते काम कसं चालायचं, ते सांगतो. गोड काम नव्हे. ज्याला सोसत नसेल त्यानं थोडं सोडून पुढं जावं.

बेडकाला आधी कळेनासं करायचं, कायमचं. मग त्याची जीभ ओढून बुचाच्या पाटावर टाचण्यांनी ताणायची. जिभेकडून मेंदूकडे जाणारी नस मोकळी करून चांदीच्या तारेवर ठेवायची. बेडूक गेलेला असतो, पण नस आणखी काही तास जिवंत राहते. जिभेवर थेंब टाकला की ती तारेतून बोलते. बाईंनी जुन्या रेडिओचा स्पीकर त्या तारेला जोडला होता. जागत्या बेडकाच्या जिभेवर मिठाचा थेंब पडला, की स्पीकरमध्ये फुटाणे भाजल्यासारखा तडतडाट व्हायचा. थेंब तसाच राहू दिला, तर थोड्या वेळानं तडतडाट दमायचा आणि थांबायचा. नस नव्याचंच सांगते, जुन्याचं नाही. मग साध्या पाण्यानं जीभ धुवायची, की पुढच्या थेंबाला मोकळी.

पण धुताना पाणी वाहायचं, तार ओली व्हायची आणि स्पीकर घाणेरडा खरखरायचा. कान किटत. म्हणून बाईंनी फार पूर्वी पत्र्याच्या एका तुकड्यावर पांढऱ्या रंगानं लिहून तो भिंतीवर ठोकला होता:

धुताना आवाज बंद.

येणारा प्रत्येक शिष्य पहिल्यांदा हेच शिकायचा. उजव्या हातात पाण्याची बाटली, डावा हात स्पीकरच्या बटणावर. त्याच बटणानं काचेवरची रेघही थांबायची, आणि पुढचा थेंब पडला की मगच दोन्ही पुन्हा चालू. त्र्यंबकचा हात तर असा बसला होता, की डोळे मिटून करावं.

“बाई...” त्र्यंबक पुन्हा म्हणाला.

बाईंनी आपल्या कापडी पिशवीत हात घातला. चार लहान बाटल्या काढल्या. टेबलावर ओळीनं ठेवल्या. घरच्याच होत्या, खोकल्याच्या औषधाच्या, धुऊन घेतलेल्या.

“गुळाचं पाणी आहे. हे चिंचेचं, हे मिठाचं, हे काडेचिराईताचं,” त्या म्हणाल्या. “माझी जीभ तपास.”

“काहीतरीच काय, बाई!”

“आधी तपास. मग सहीचं बघू.”

त्या स्टुलावर बसल्या. डोळे मिटले. आणि ज्यांच्यापुढं आमची मान वर होत नसे, त्या बाईंनी लहान पोरानं वैद्यापुढं काढावी तशी जीभ बाहेर काढली.

मला हसू आलं. खोटं कशाला सांगू? पण ते टिकलं नाही. ती जीभ लालबुंद होती, आणि नको तितकी गुळगुळीत.

त्र्यंबकनं माझ्याकडं पाहिलं. मी खांदे उडवले. शेवटी त्यानं ड्रॉपर घेतला.

गुळाचा थेंब.

“काय लागतंय?”

बाईंनी मान हलवली. काही नाही.

त्र्यंबकनं माठातलं पाणी दुसऱ्या ड्रॉपरनं सोडून जीभ धुतली. खाली वाटी धरली.

चिंचेचा थेंब. “काय लागतंय?”

काही नाही.

धुतली.

मीठ. “आता?”

काही नाही.

पुन्हा धुतली.

काडेचिराईताची बाटली उघडली तेव्हा नुसत्या वासानं माझं तोंड वाकडं झालं. आमची आजी ताप आला की ते पाजायची, आणि आम्ही माळ्यावर जाऊन लपायचो. त्र्यंबकनं थेंब टाकला. एक नाही, चांगले भरपूर.

“...आता तरी?”

बाईंच्या चेहऱ्यावर साधी सुरकुतीही हलली नाही.

त्र्यंबक घाबरला. मला ते स्पष्ट दिसलं. घाईघाईनं त्यानं पाण्याचा ड्रॉपर भरला आणि जीभ धुवायला लागला, आणि धुताना त्याचा डावा हात बाजूला गेला. तिथं काहीच नव्हतं. बोटांनी हवेतलंच एक बटण फिरवलं, बंद केलं.

त्याचं त्यालाही कळलं नाही. पण बाईंनी नेमके तेव्हाच डोळे उघडले होते. त्यांनी तो हात पाहिला.

जीभ आत घेऊन त्यांनी पदरानं ओठ टिपले.

“बाई, तुम्हाला... काहीच लागत नाही?”

“गळ्यावर किरणांचे शेक घेऊन आले ना मुंबईहून. गाठ गेली. तिच्याबरोबर हेही गेलं. भात म्हणजे चिखल, भाकरी म्हणजे पुठ्ठा. जगायचं म्हणून गिळते झालं.” बाई हे अगदी साधेपणानं सांगत होत्या. “तिथल्या डॉक्टरनंही अशाच चार बाटल्या आणल्या होत्या. चांगला मुलगा होता. म्हणाला, जीभ मेली, आता आशा ठेवू नका.”

“आणि मघाचा पेढा?”

“खाल्ला की.”

“अहो, मग सांगायचंत तरी!”

“कसा लागला म्हणून तू विचारलंस कुठं? सहीचं विचारलंस.”

त्र्यंबकचं तोंड उतरलं. गर्विष्ठ होता, पण बाईंवर त्याचा जीव होता, हे मी शपथेवर सांगेन. त्याला काहीतरी धीराचं बोलायचं होतं. आणि हुशार माणसाला धीराचं बोलता येत नाही, तसंच झालं.

“म्हणजे माझं म्हणणं बरोबरच आहे, बाई. जीभ जागेवर असते. पण आतली नस मुकी होते. बेडकाची काय, माणसाची काय...”

मला वाटलं, उठून त्याच्या एक मुस्कटात ठेवून द्यावी.

बाईंना राग आला नाही.

“तू माझ्या जिभेवर काय काय घातलंस?” त्यांनी विचारलं.

“गूळ, चिंच, मीठ, चिराईत.”

“आणि?”

“आणि काही नाही.”

“मध्ये?”

“मध्ये काही नाही, बाई. धुतलं नुसतं.”

बाईंनी खालच्या वाटीकडं बोट केलं.

“धुतलं नुसतं,” तो पुन्हा म्हणाला. पण ह्या वेळी जरा हळू.

बाई बघत राहिल्या. त्र्यंबकच्या हातातल्या ड्रॉपरच्या टोकाशी एक थेंब लोंबत होता. तो पडेना.

“ते पाणी आहे, बाई! पाण्याला कसली आली चव? चव घालवायला पाणी असतं.”

“कुणी सांगितलं?”

“तुम्ही!” त्र्यंबक ओरडलाच. भिंतीवरच्या पत्र्याकडं त्यानं बोट केलं. “ती पाटी माझी नाही. तुमची आहे!”

“हो,” बाई म्हणाल्या. “माझीच आहे.”

पुढं काही नाही. सबब नाही, सारवासारव नाही. एवढी मोठी बाई, आणि नुसतं ‘माझीच आहे’.

त्र्यंबक येरझाऱ्या घालायला लागला. ही काय थट्टा आहे, इतकी वर्षं मान मोडून काम केलं ते कशासाठी, आईला आता काय सांगू, असं बरंच काही बोलला. मध्येच थांबला. बाह्या वर सरकवल्या.

“ठीक आहे. दाखवतो तुम्हाला. धुताना जे खरखरतं ना, तो ओल्या तारेचा आवाज आहे. बाकी काही नाही.”

त्यानं मडकं पुढं ओढलं आणि चिखल फोडला. आतून बेडूक निघाला, मातीच्याच रंगाचा, पाय पोटाशी घेतलेला. पुढचं सगळं त्यानं केलं. त्र्यंबकचे हात कामाला लागले की बघत राहावं असे होते. जीभ ताणली. नस तारेवर आली. काचेवर हिरवी रेघ सरळ झाली.

त्यानं मीठ, आंबट, कडू, गोड, सगळं घालून पाहिलं. ह्या बाटल्या प्रयोगाच्या होत्या, प्रत्येक चव बेडकाच्या अंगातल्या खारटपणाइतक्याच खारट पाण्यात कालवलेली.

रेघ सरळ. स्पीकर गप्प.

“मुकी,” त्र्यंबक म्हणाला.

मग तो थबकला. स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “आता धुतो. पण आधी नुसतं खारट पाणी, ज्यात चव काहीच कालवलेली नाही. तेही ओलंच. खरखर ओलाव्याची असेल, तर त्यालाही येईल आणि साध्या पाण्यालाही तेवढीच येईल.”

हे त्याला कुणी सुचवलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. आपलंच घर पडेल की राहील ह्याची परीक्षा त्यानं स्वतः मांडली.

उजवा हात बाटलीकडं गेला. डावा आपोआप बटणाकडं.

बाईंनी आपला हात त्याच्या हातावर ठेवला.

“राहू दे.”

खारट पाणी जिभेवरून वाहिलं. स्पीकर खर्र खर्र करून ओरडला. मग गप्प.

“बघा.”

“हं.”

साधं पाणी. पुन्हा तीच खरखर. आणि मग... शांत.

त्र्यंबकच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. “ऐकलंत, बाई? काही नाही.”

“थांब.”

आम्ही थांबलो. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक रेघ जमिनीवर पडली होती, तिच्यात धूळ तरंगत होती. मला झोप येत होती का? असेल. म्हणून तो पहिला आवाज मला स्वप्नातलाच वाटला.

टक्.

त्र्यंबकची मान वळली.

टक्... टक्.

मग थोडं दाट. मग आणखी. फुटाण्यांचा तडतडाट नव्हता तो. खालच्या पट्टीतला, एकसारखा, ना घाई ना दम. कुणीतरी झोपेतच बोलायला लागावं तसा. वाटलं, आता थांबेल, आता थांबेल. तो थांबेना. हिरवी रेघ थरथरत राहिली.

त्र्यंबकनं खारट पाणी घातलं. आवाज विझला.

साधं पाणी घातलं. थोडा वेळ काही नाही... आणि आला.

पुन्हा खारट. पुन्हा साधं. पुन्हा. पुन्हा. तो येऊ नये अशी त्याची इच्छा त्याच्या मानेच्या शिरांवर दिसत होती. बटण हाताशी होतं. एकदाही त्यानं त्याला बोट लावलं नाही. मी त्या दिवसापासून त्र्यंबक ओगलेला कधी नावं ठेवली नाहीत.

शेवटी तो मडक्यांशेजारी जमिनीवरच बसला.

“गेलं,” म्हणाला. “सगळं गेलं.”

स्पीकर चालूच होता.

“दर वेळी बोलली असेल ही. दर बेडकाची. आणि दर वेळी मी...” त्यानं डावा हात वर करून पाहिला, दुसऱ्याचा असावा तसा.

मला त्याच्यासाठी फार वाईट वाटत होतं, आणि तरी तो आवाज बंद होऊ नये असंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं. मला तरी वाटलं.

“बाई,” त्यानं खालूनच विचारलं, “तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“बेडकाचं? नाही. तुझ्याबरोबरच ऐकलं.”

“मग कशावरून...”

बाईंनी ओठ मिटून घेतले.

त्र्यंबक त्यांच्याकडं पाहत राहिला. लालसर गळा, बसलेले गाल, टेबलावरच्या चार बाटल्या, खाली ठेवलेली वाटी. “मुंबईच्या त्या डॉक्टरनंही मध्ये पाण्यानं धुतलंच असेल...” तो पुटपुटला. तो उठला. प्रबंध टेबलावर मध्येच पडला होता. वाटेतलं भांडं सरकवावं तसा त्यानं तो उचलून माझ्या पालींच्या शेपट्यांशेजारी ठेवला. वर पेनही ठेवलं. ते घरंगळून खाली पडलं, ते त्यानं उचललं नाही.

बाहेरच्या ओट्यावर माठ होता. तिथं जाऊन त्यानं हात स्वच्छ धुतले. ड्रॉपर धुतला, पुन्हा धुतला. फुलपात्र भरून आणलं.

“बाई,” तो म्हणाला. “जीभ काढा.”

बाई स्टुलावर बसल्या. डोळे मिटले.

त्र्यंबकनं डावा हात पाठीमागं नेला आणि सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरून ठेवलं. उजव्या हातानं पाणी सोडलं. थेंब, थेंब, मग धार. माठातलं गार पाणी त्या लाल जिभेवरून वाटीत पडत राहिलं. तिकडं स्पीकरमध्ये झोपलेल्या बेडकाची नस बोलत होती.

ड्रॉपर रिकामा झाला.

तो खाली वाकला. आईला उठवताना बोलावं तसा, हळू बोलला.

“बाई... काय लागतंय?”

बाईंनी जीभ आत घेतली. तोंड मिटलं. अंधारात त्यांचा चेहरा मला नीट दिसेना. कितीतरी वेळ त्या तशाच बसून राहिल्या.

मग त्या म्हणाल्या,

“पुन्हा धू.”